सुका की सुखा? एका शब्दाचा दूरवरचा गोतावळा

जबलपूरच्या ओमती भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला दिवसातून दहा वेळा भाषा बदलावी लागते. घरात मराठी, शाळेत आणि दुकानात हिंदी, आणि आसपासच्या खेड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या माणसाच्या तोंडी बुंदेली. अशा घरातला एखादा मुलगा नागपूरच्या आजीला लिहितो, 'दिवाळीला सुखा मेवा पाठव.' आजी लगेच कान पिळते, 'सुखा नव्हे रे, सुका!' मुलगाही हार मानत नाही. त्याच्या शाळेच्या पुस्तकात 'सूखा' छापलेले आहे, भाजीवाला 'सूखो' म्हणतो. मग घरातल्या मोठ्यांना काळजी वाटू लागते, की परप्रांतात राहून मुलाची मराठी बिघडली की काय!

ही काळजी जबलपूरला नवी नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर जबलपूर आणि नागपूर बराच काळ एकाच मध्य प्रांतात नांदले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि नागपूर निराळ्या राज्यात गेले. तेव्हा मराठी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि 'आपले शब्द हिंदीने खाल्ले' ही तक्रारही तितकीच जुनी असणार.

या तक्रारीत तथ्य किती? 'सुका' या एका शब्दापुरते बोलायचे तर आजीही बरोबर आहे आणि नातूही. तिने मराठी लिहिताना 'सुका' लिहायला सांगावे, हे योग्यच. परंतु 'सूखा' हा 'सुका'चा बिघाड नाही, आणि 'सुका' हाही 'सूखा'चा अपभ्रंश नाही. दोघे सख्खे भाऊ आहेत. संस्कृतात मूळ शब्द आहे 'शुष्क'. त्यातल्या 'ष्क' या जोडाक्षराचे प्राकृतात काय करायचे, याविषयी लोकांचे एकमत नव्हते. कोणी 'सुक्ख' म्हणत, कोणी 'सुक्क'. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेले जैन आचार्य हेमचंद्र यांनी प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात या शब्दाची स्वतंत्र नोंद करून दोन्ही रूपे चालतात असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे ओमतीच्या घरातला वाद निदान आठशे वर्षांपूर्वीच एका मोठ्या पंडिताने मिटवला होता! 'सुक्ख'कडून हिंदीचा 'सूखा' आणि नेपाळीचा 'सुक्खा' आला. 'सुक्क'कडून मराठीचा 'सुका', कोंकणीचा 'सुको', गुजरातीचा 'सूकुं' आणि पंजाबीचा 'सुक्का'.

मराठीत या शब्दाला घरातच दोन भाऊबंद आहेत, 'कोरडा' आणि 'वाळलेला'. तिघांनी कामे वाटून घेतली आहेत खरी, पण ही वाटणी गावागणिक बदलते. विहीर कोरडी पडते, ती सुकत नाही. फूल सुकते, कोरडे होत नाही. भाजी सुकी असते, भाकरी कोरडी असते आणि शेवया वाळवायच्या असतात. कपड्यांवरून तर मुंबई-पुण्याचे भांडणच आहे. मुंबई-कोकणाकडे कपडे सुकत घालतात, पुण्याकडे वाळत घालतात, नागपूरकडे वाळू घालतात. माहेरी आलेल्या लेकीला मात्र महाराष्ट्रात कुठेही आई म्हणते, 'किती सुकलीस ग!' तिथे 'किती वाळलीस' म्हणणारी आईही सापडेल, पण 'कोरडी झालीस' असे कोणी म्हणणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण युरोपातही या शब्दाने असेच काम केले आहे.

विमानाच्या नावातला सुका

जबलपूरजवळच्या खमरिया येथील कारखान्यात वायुदलासाठी दारूगोळा तयार होतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वायुदल म्हटले की 'सुखोई' आलेच. सुखोई-३० जातीची विमाने २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर समारंभाने वायुदलात दाखल झाली. पुढे नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. नाव ऐकून अनेकांना त्यात 'सुख' असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते विमानाचे आराखडे करणारे पावेल सुखोई यांचे आडनाव आहे. आजच्या बेलारूसमधल्या ह्लिबोकाये भागात १८९५ साली त्यांचा जन्म झाला, १९७५ मध्ये ते वारले. रशियन भाषेत 'सुखोय' हे साधे रोजच्या वापरातले विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ आहे 'सुका'. लोहगाववरून गर्जत जाणारे ते अजस्र धूड म्हणजे मराठीत सांगायचे तर 'सुके-३०'!

हे नुसते ध्वनिसाम्य नाही. रशियनमध्ये पुल्लिंगी 'सुखोय', स्त्रीलिंगी 'सुखाया' आणि नपुंसकलिंगी 'सुखोये' अशी रूपे होतात. आपल्या सुका-सुकी-सुके यांची आठवण यावी अशी ही तऱ्हा. चेक भाषेत गंमत उलटी आहे. तिथे पुल्लिंगी 'सुखी' आणि स्त्रीलिंगी 'सुखा'! शेवटचे हे प्रत्यय मात्र ज्याचे त्याने निरनिराळ्या वाटांनी मिळवले आहेत, त्यांवरून नाते जोडायला जाऊ नये. पोलिश, स्लोव्हाक, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन या सगळ्या भाषांत हाच शब्द थोड्याफार फरकाने नांदतो. या स्लाव्ह भाषा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एकच होत्या. त्या आदिभाषेत कोणी ओळभरही लिहून ठेवलेले नाही. तरीही भाषाशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगतात, की तिच्यात 'सुखु' असा शब्द होता. शेवटचा 'उ' अगदी आखूड, गिळल्यासारखा, आणि 'ख' आपला नव्हे तर फारसी 'खुदा'मधला, घशातून घासत येणारा. असा हिशेबाने मिळवलेला शब्द छापताना त्याच्या आधी एक चांदणी देतात. जर्मन पंडित आउगुस्ट श्लायखर यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली. चांदणीचा अर्थ एवढाच, की हा शब्द कागदावर कुणी पाहिलेला नाही, पण मुलांच्या चेहऱ्यांवरून बापाचा चेहरा काढावा तसा काढला आहे.

सून आणि सासरा साक्षीला

चेहरा काढायचा म्हणजे नेमके काय करायचे? दोन शब्द सारखे वाटले की ते नातेवाईक, असे भाषाशास्त्र मानत नाही. फरकसुद्धा नियमाने व्हावा लागतो. आपल्या सुनेचेच उदाहरण घ्या. संस्कृतात ती 'स्नुषा', मराठीत 'सून', रशियनमध्ये 'स्नोखा'. संस्कृतातल्या 'ष'च्या जागी स्लाव्ह भाषेत 'ख' उभा आहे. आता 'शुष्क' आणि 'शोष' हे शब्द आठवा आणि शेजारी 'सुखोय' ठेवा. इथेही 'ष'च्या जागी 'ख'. दोन्हीकडे मूळचा 'स' होता, आणि 'उ'सारख्या ठराविक स्वरांनंतर तो भारतात 'ष' झाला, स्लाव्हांकडे 'ख' झाला. स्लाव्ह भाषांतला हा नियम डॅनिश विद्वान होल्गर पेडरसेन यांनी १८९५ साली मांडला. पावेल सुखोईंचा जन्म त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग.

इथे ओमतीच्या मुलाला एक हुशारी सुचण्यासारखी आहे. 'बघा, रशियनमध्येसुद्धा ख आहे, म्हणजे सुखाच बरोबर!' पण तो दावा टिकत नाही. हिंदी 'सूखा'तला 'ख' हा 'ष्क' या जोडाक्षरातून निघालेला आहे. रशियन 'ख' हा एकट्या 'ष'चा भाऊ. 'शुष्क'मधला 'क' तर मागाहून लागलेला प्रत्यय आहे, स्लाव्ह शब्दात तो मुळीच नाही. दोन 'ख' समोरासमोर आले, इतकेच.

आता जरा नाजूक मुद्दा. अशी साम्ये दिसली की आपल्याकडे लगेच म्हटले जाते, रशियन भाषा संस्कृतातून निघाली, किंबहुना जगातल्या साऱ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. संस्कृताचा अभिमान असावा. ऋग्वेदात 'शुष्क' आहे, आणि रशियन लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पण म्हातारी बहीण म्हणजे आई नव्हे. हे याच शब्दावरून सिद्ध करता येते, आणि तेही घरबसल्या.

त्यासाठी बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियात जावे लागेल. तिथली भाषा स्लाव्ह नाही, पण स्लाव्हांची जवळची नातेवाईक आहे आणि शब्द जपून ठेवण्यात आपल्या आजीपेक्षा कडक आहे. तिथे सुक्याला म्हणतात 'सौसस'. जानेवारी महिन्याचे नावही यावरूनच 'सौसिस' आहे. आता 'शंभर' पाहा. संस्कृतात 'शत', लिथुआनियनमध्ये 'शिम्तस'. म्हणजे जिथे संस्कृतात अस्सल जुना 'श' असतो तिथे लिथुआनियनही 'श' ठेवते. मग 'शुष्क'चा 'श' मूळचा असता तर तिथे 'शौसस' हवे होते. आहे 'सौसस'. दुसरा साक्षीदार इराणचा. पारशी धर्मग्रंथांच्या अवेस्ता भाषेत सुका म्हणजे 'हुष्क'. इराणी भाषांत मूळ 'स'चा 'ह' होतो, जसे आपल्या 'सप्त'चे 'हफ्त' आणि त्यावरून आपल्याकडे परत आलेला 'हप्ता'. मूळचा 'श' मात्र तिथे 'स' होतो, 'शत'चे 'सत'. इथेही 'हुष्क'मधला 'ह' सांगतो, की शब्दाच्या तोंडी आधी 'स' होता.

निष्कर्ष असा, की मूळ शब्द 'स'ने सुरू होत होता आणि पुढच्या 'ष'च्या संगतीने संस्कृतातच त्याचा 'श' झाला. सासऱ्याचेही असेच झाले आहे. संस्कृत 'श्वशुर'चा पहिला 'श' पुढच्या 'श'च्या सहवासाने आलेला. रशियनमध्ये नवऱ्याचा बाप म्हणजे 'स्व्योकर'. संस्कृतात झालेला हा बदल लिथुआनियनला किंवा अवेस्ताला माहीत नाही, तेव्हा त्या भाषा संस्कृतातून निघालेल्या असू शकत नाहीत. संस्कृत, अवेस्ता, लिथुआनियन आणि स्लाव्ह या सगळ्या बहिणी, आई त्याही आधीची आणि चांदणीवाली. मराठीने मात्र प्राकृताच्या हाताला धरून 'सुका' आणि 'सासरा' म्हणत पुन्हा 'स' गाठला, तोही नकळत.

फसवे नातेवाईक

लग्नकार्यात जसे कुठल्याच बाजूचे नसलेले पाहुणे पंगतीला बसतात, तसे या शब्दाच्या मांडवातही शिरतात. 'सुख' हा त्यांतला पहिला. 'सुका' किंवा 'सूखा' यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुसरा पाहुणा स्वयंपाकघरातला. बाजारात 'डेसिकेटेड' म्हणून मिळणारा सुक्या खोबऱ्याचा कीस. त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिन 'सिक्कुस' आहे, अर्थ सुका, उच्चारही सुक्याच्या जवळचा! मोह होतो, पण नियमाच्या चाळणीतून तो खाली पडतो. विद्वान त्याला दुसऱ्याच घराण्यात घालतात. उलट ज्यांच्याकडे पाहून कोणाला शंकाही येणार नाही, असे खरे नातेवाईक आहेत. रुक्ष, कडक माणसाला इंग्रजीत 'ऑस्टिअर' म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक विशेषणावरून आला त्याचा अर्थ जिभेला कोरड पाडणारा, तुरट असा होता, आणि त्याच्या मुळाशी हाच सुका धातू आहे. 'सौसस'मधला पहिला 'स' ग्रीकांनी गाळून टाकला, म्हणून चेहरा ओळखू येत नाही.

खुष्कीचा मार्ग

सगळ्यात मजेदार नातेवाईक मराठीच्या घरातच आहे, आणि तो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. 'तुर्कांनी खुष्कीचा मार्ग अडवला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गे भारतात आले' हे वाक्य पाठ न केलेला मराठी माणूस विरळा. खुष्की म्हणजे जमीन. ज्या अवेस्ता 'हुष्क'ची साक्ष वर काढली, त्याचेच फारसी रूप 'खुश्क', आणि खुश्क म्हणजे सुका. पाण्याने जायचे ते तरीने, सुक्यावरून जायचे ते खुष्कीने. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द मुरला आणि मराठीने तो इतका आपला केला, की आज फारसीची आठवणही राहिलेली नाही. 'खुशी'शी मात्र त्याची गल्लत करू नये, ती निराळी. तेव्हा मराठी माणूस एकाच पूर्वजाचे तीन वंशज बिनदिक्कत वापरतो. 'शुष्क' पंडितांकडून आलेला, 'सुका' आजीकडून आणि 'खुष्की' मोगलाईतून.

रशियनमध्येही जमिनीवरच्या वाटेला 'सुखोपुत्नी' म्हणतात. 'सुखो' म्हणजे सुकी, 'पुत' म्हणजे वाट, आणि हा 'पुत' आपल्या 'पथा'चा नातेवाईक. शब्दशः 'शुष्कपथ', म्हणजेच खुष्कीचा मार्ग! समुद्राविरुद्धची जमीन या अर्थी रशियन 'सुशा' हाही याच कुळातला शब्द आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी तिकडून निघाला, जहाजाने चौलला उतरला आणि तिथून खुष्कीने जुन्नरला पोचला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. जुन्नरच्या बाजारात 'सुके' हा शब्द त्याच्या कानी पडला असेल तर त्याला तो फार परका वाटला नसावा.

तोच 'सुशा' क्रोएशिया-स्लोव्हेनियाकडे गेला की 'सुशा' म्हणजे अवर्षण. हिंदीत 'सूखा पडा' म्हणजे तेच. शेतकऱ्याला कोरडी जमीन दिसली की दोन्हीकडे एकच शब्द आठवला, एकमेकांना न विचारता. मराठीने इथे वेगळी वाट धरली आणि 'दुष्काळ' म्हटले, वाईट काळ. जबलपूर जिल्ह्याने १८९६-९७ मध्ये जे भोगले त्याला हिंदी माणूस 'सूखा' म्हणेल आणि 'अकाल'ही म्हणेल. पहिला शब्द आभाळाविषयी आहे, दुसरा पोटाविषयी. मराठीत दोन्ही एकाच 'दुष्काळा'त मावतात, म्हणून मग आपल्याला 'ओला दुष्काळ' आणि 'सुका दुष्काळ' असे विशेषण जोडावे लागते.

घरगुती अर्थांत तर हे दूरचे नातेवाईक फारच जवळ येतात. रशियनमध्ये सुका मेवा म्हणजे 'सुखोफ्रुक्ती'. सर्बियनमध्ये 'सुवो ग्रोझ्जे', सुकी द्राक्षे, म्हणजे मनुका. तिथे 'ह' गळून 'व' आला आहे. रशियन 'सुखार' म्हणजे कडक भाजलेला टोस्ट. रशियात तुरुंगात जाण्याची वेळ आली की 'सुखार सुकवायला घे' असे गमतीने म्हणतात, कारण बरोबर न्यायला तेवढीच टिकणारी शिदोरी. दारूबंदीला तिथे 'सुका कायदा' असे नाव आहे. आणि स्लोव्हेनियन भाषेत 'सुह' हे विशेषण माणसाला लावले की त्याचा अर्थ होतो हडकुळा, बारीक. माहेरवाशिणीला 'सुकलीस' म्हणणाऱ्या आईला तिथे दुभाष्याची गरज पडणार नाही.

पुन्हा गाठ पडली, ती बाजारात

या कुळाची एक शाखा अजून राहिली. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेले रोमा लोक, ज्यांना युरोपात जिप्सी म्हणत, इराण, आर्मेनिया आणि ग्रीक मुलूख ओलांडून बाल्कन देशांत पोचले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' आणि माणसाला 'मनुष' म्हणतात. सुक्याला त्यांचा शब्द आहे 'शुको', स्त्रीलिंगी 'शुकी'. बुंदेली 'सूखो-सूखी'च्या वळणावर गेलेला.

बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे रोमा वस्ती मोठी आहे. तिथल्या बाजारात वाळवलेल्या मिरच्यांना रोमा बाई 'शुको' हाच शब्द लावील आणि बल्गेरियन गिऱ्हाईक 'सुख'. कित्येक हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन फांद्या एकाच टोपलीवर ओणवलेल्या. कोणती फांदी कुठून आली, हे मात्र पहिल्या अक्षरावरूनच कळते. बल्गेरियन शब्द 'स'चा, भारताला वळसा न घालता आलेला. रोमानी शब्दाच्या तोंडी 'श' आहे. हा 'श' या शब्दाला फक्त भारतातच चिकटला होता. पुढे मराठी-हिंदीने तोही सोडून दिला, पण हजार वर्षे घरदार पाठीवर घेऊन फिरणाऱ्या लोकांनी तो जपून ठेवला आहे.